कोकोरा

कमिशनची पांढरी गाडी तेरेकेकाला आली तेव्हा
आंब्याखाली खुर्च्या कमी पडल्या.
चर्चमधून उसन्या आणलेल्या, निळ्या प्लॅस्टिकच्या,
एकीचा पाय तारेने आवळलेला.
ती माझ्या वाट्याला.

मी पोनी. बाजारापलीकडच्या कोर्टात दुभाषीण.
देजाच्या गायी, बोटीचं भाडं, चोरलेली जाळी
या भाषेतून त्या भाषेत नेते;
सोळा वर्षांत एकही गाय वाटेत हरवली नाही.

ओयेटसाहेबांनी माइकवर टिचकी मारली,
म्हणाले, "फेडरल."
आणि तो शब्द माझ्या तोंडात
माशाच्या काट्यासारखा आडवा बसला.

आमच्या बारी बोलीत त्याला एकच नाव: कोकोरा.
म्हणजे वाटणं.
शिकार वाटतात तसं,
आणि भाऊ तोंड फिरवतात तेव्हा चूल वाटतात तसंही.
यातलं कुठलं, ते शब्द सांगत नाही.
कापणारा हात सांगतो.

दुसरं काही सुचेना. म्हटलं, "कोकोरा."

मागच्या रांगेतून लोमोरो उठला.
त्याला उठायला वेळ लागतो; सगळे थांबले.
"हा शब्द मी तरणा असताना भोंग्यातून आला होता.
आठवड्याभरात मजोक गेला.
दवाखान्यातला कंपाउंडर. माझ्या दोन पोरांना त्यानं जगवलं.
जन्म इथला नव्हता, एवढंच.
पडावात बसवला त्याला, सायकल चढवू दिली नाही.
म्हणाला, ठेव, येतो.
मी अजून तिच्या साखळीला तेल घालतो.
साहेब, तुमच्या मसुद्यात
सायकल न्यायला परत यायचं कलम कितवं?"

ओयेटसाहेबांनी पानं चाळली. खरंच चाळली.
हे वेगळं आहे, म्हणाले.
आता तिजोरी खाली उतरेल, शिक्षक इथेच नेमला जाईल,
नदीचं, जमिनीखालच्या तेलाचं
जुबाला एकट्याने ठरवता येणार नाही.
मी सगळं पलीकडे नेलं. वाईट नव्हतं ते.
शिक्षक म्हटल्यावर झाडावरची पोरं टाळ्या पिटायला लागली
आणि एक जण जवळजवळ खाली आलाच.

मग किडेन. सुकी मासळी विकते ती, पाटी मांडीवरच होती.
"जुबापर्यंत मला चार नाके लागतात.
नाका म्हणजे दोरी, दोरीच्या टोकाला बंदूक.
राज्यं वाढली की दोऱ्या वाढणार का कमी होणार?
तेवढं सांगा. मला बोट गाठायचीय."

लेखनिकाने लिहिलं: करविषयक शंका.

"आणि हेही लिहा," ती उठता उठता म्हणाली,
"आमच्यात मासा जो कापतो
तो आपला तुकडा शेवटी उचलतो.
म्हणून तुकडे सारखे पडतात."

मी ते इंग्रजीत नेलं, ओंजळीतून पाणी न्यावं तसं.
ओयेटसाहेब म्हणाले, "वा, सुंदर म्हण आहे."
म्हण नाही, मी म्हणाले, सूचना आहे.
दुभाष्यानं पदरचं बोलू नये, मला ठाऊक आहे.
सोळा वर्षांत ते एकदाच.

अहवाल आला तो दुसऱ्या वर्षी, झेरॉक्स, फिका.
आमचं गाव पान एकेचाळीसवर, एका ओळीत:
स्थानिक जनता सर्वसाधारणपणे अनुकूल.
किडेन नाही. सायकल नाही.
शेवटी शब्दांची यादी आहे, सात भाषांची,
तिथे फेडरलसमोर बारीच्या रकान्यात
नुसती टिंबं.
कोणीतरी माझा शब्द खोडून
जागा मात्र ठेवली आहे.

पेन हातात घेऊन बसले होते बराच वेळ.
इतक्यात शिपायाने पुकारा केला.
दोघे भाऊ आलेत, बापाच्या एकाच होडीसाठी.
थोरला गप्प आहे.
धाकट्याने सोबत करवत आणली आहे.